विद्यापीठ आणि पाळणा

घरातील कर्त्या आजीबाईंना त्यांची नात जेव्हा सांगते की, "आजी, मी बालमानसशास्त्र घेऊन एम्. ए. करणार," तेव्हा आजीबाईंच्या मुद्रेवर जे स्मित उमटते, त्याचा अर्थ लावण्यास कोणतेही शास्त्र लागत नाही. ज्यांनी पाच-सहा मुले वाढविली, त्यांची गोवर-कांजिण्यांची दुखणी काढली, हट्ट, रुसवे आणि परीक्षा निभावून नेल्या, त्यांना मुलाविषयी ग्रंथातून शिकण्यासारखे काय उरले, ही शंका गैरवाजवी नव्हे. किंबहुना, या शंकेला नीट उत्तर दिल्यावाचून या विषयाचा अभ्यास सुरूच होऊ नये.

शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी हीच शंका अमेरिकेतील आयोवा राज्याच्या विधिमंडळात वारंवार घेतली गेली, आणि गंमत अशी की तिला उत्तर दिले ते कोणा प्राध्यापकाने नव्हे, तर एका आईने. कोरा बसी हिलिस ही डे मॉइन शहरातील गृहिणी. तिची काही मुले लहानपणीच दगावली होती. आयोवा हा मका पिकविणाऱ्या आणि डुकरे पोसणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. तेथील कृषिसंशोधन केंद्रात मक्याच्या कणसाचे आणि डुकराच्या पिलाचे वजन, खाणे, रोग यांची काटेकोर नोंद होत असे. हिलिसबाईंचा प्रश्न साधा होता: राज्याच्या पैशाने डुकराचे पिल्लू कसे वाढते याचा शोध घेता येतो, तर माणसाचे मूल कसे वाढते याचा का घेता येऊ नये? हा प्रश्न घेऊन त्या वर्षानुवर्षे विधिमंडळाचे उंबरठे झिजवीत राहिल्या. आयोवा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि १९१७ साली, म्हणजे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली त्याच वर्षी, त्या विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्र स्थापन झाले. सालीना पंचवीस हजार डॉलरांची तरतूद झाली. बर्ड बॉल्डविन हे पहिले संचालक.

मुलांचे निरीक्षण त्यापूर्वी कोणी केलेच नव्हते असे नाही. चार्लस डार्विन यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाची टिपणे ठेवली होती आणि ती १८७७ साली प्रसिद्ध केली. जर्मनीत विल्हेल्म प्रायर यांनी आपल्या मुलाचा दैनंदिन अभ्यास करून १८८२ साली ग्रंथ लिहिला. परंतु हे सारे एका घरचे, एका पित्याच्या नजरेचे वृत्तांत होते. पॅरिसचे आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हुडकण्यासाठी. आयोवाच्या केंद्राचे वेगळेपण असे की, त्याने अभ्यासविषय म्हणून आजारी, अपंग वा गुन्हेगार मूल न घेता सर्वसाधारण मूल घेतले. १९२१ साली केंद्राने विद्यापीठाच्या आवारातच शिशुशाळा उघडली आणि तेथे विद्यार्थी मुलांकडे पाहावयास बसू लागले.

'पाहावयास बसणे' हे वाटते तितके सोपे नाही. या अभ्यासक्रमात नव्याने आलेल्या विद्यार्थिनीला शिशुशाळेच्या कोपऱ्यात बसवून अर्ध्या तासाची नोंद करावयास सांगितली, तर पहिल्या दिवशी ती बहुधा असे लिहिते: "बाळू हट्टी आहे. तो आज रागावला आणि शेजारच्या मुलाशी भांडला." यात एकही गोष्ट तिने पाहिलेली नाही, सगळ्या तिने ठरविलेल्या आहेत. तिने पाहिले ते एवढेच की, बाळूच्या हातातील लाकडी गाडी दुसऱ्या मुलाने ओढली, बाळूने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली, त्याचे ओठ घट्ट मिटले, मग त्याने दुसऱ्याच्या हाताला चावण्यासाठी तोंड पुढे केले, पण चावला नाही, आणि शिक्षिकेकडे पाहिले. या दुसऱ्या नोंदीत हट्ट कोठे आहे? कदाचित नाहीच. उलट, चावण्याच्या बेतात असता शिक्षिकेकडे पाहून थबकणे, हा तीन वर्षांच्या मुलाच्या मनातील एक मोठा पराक्रम आहे, आणि 'रागावला' या एका शब्दाने तो झाकून टाकला होता. आजीबाई आणि विद्यार्थिनी यांच्यातील खरा फरक येथे आहे. आजीबाईंचे ज्ञान मायेने भरलेले असते, आणि माया निष्कर्षाला फार लवकर पोहोचते.

मिनेसोटा विद्यापीठात मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने शिशुशाळेतील मुलांच्या खेळाचा जो अभ्यास केला व १९३२ साली प्रसिद्ध केला, त्याची रीत अशीच होती. ठराविक क्रमाने एकेका मुलाकडे एकेक मिनिट पाहावयाचे आणि त्या मिनिटात ते काय करीत होते एवढेच टिपावयाचे. अशी पुष्कळ मिनिटे जमल्यावर जे दिसले ते आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे: प्रथम मूल एकटे खेळते, मग दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याच्यासारखेच परंतु आपले वेगळे खेळते, नंतर देवघेव करीत खेळते, आणि शेवटी वाटण्या करून, नेमून दिलेली कामे पत्करून एकत्र खेळ मांडते. दोन वर्षांची दोन मुले वाळूत पाठीला पाठ लावून बसलेली पाहून "ही एकमेकांशी बोलत का नाहीत?" म्हणून चिंता करणाऱ्या पालकांना एवढ्या माहितीनेही हायसे वाटावे.

निरीक्षणाबरोबर मापन आले, आणि मापनाबरोबर गर्व आला. बिने यांच्या श्रेणीवरून मुलाचे 'मानसिक वय' काढावयाचे, त्यास जन्मवयाने भागावयाचे आणि शंभराने गुणावयाचे, म्हणजे बुद्धिगुणांक हाती येतो. शंभर म्हणजे वयाप्रमाणे. स्वतः बिने यांना ही बुद्धी जन्मतः ठरलेली व अचल आहे हे मत मान्य नव्हते. परंतु १९११ साली ते वारले, आणि अटलांटिकपलीकडे त्यांच्या श्रेणीचा प्रसार ज्यांनी केला, त्यांपैकी बहुतेकांना हा अंक डोळ्यांच्या रंगासारखा आनुवंशिक वाटत होता. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुईस टर्मन हे या पक्षाचे अध्वर्यू. मूल जन्मतःच जेवढे देणे घेऊन आले तेवढेच त्याचे. शाळा, घर, प्रेम यांनी त्यात फारसा बदल होत नाही, असा या पक्षाचा एकंदर रोख होता.

या मताला पहिला मोठा धक्का बसला तो आयोवातच, आणि तोही अगदी अकल्पितपणे.

आयोवा राज्याचे डॅव्हनपोर्ट येथे एक अनाथालय होते. अमेरिकन यादवीत पडलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी ते मूळ उघडलेले. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात ते मुलांनी भरून वाहत होते. तान्ही मुले इस्पितळासारख्या खाटल्यांत ठेवीत. संसर्ग होऊ नये म्हणून खाटल्यांच्या कडांना पुष्कळदा पांढरी कापडे लावलेली असत. म्हणजे मुलाला दिसे ते छत आणि कापड. दुधाच्या वेळा सांभाळल्या जात, कपडे बदलले जात, आणि तेवढ्यातच परिचारिकांचा वेळ संपे. दोन वर्षांची झाली की मुले मोठ्या कोठीत जात. तेथे तीस-पस्तीस मुलांमागे एक मातृका आणि हाताखाली काही अशिक्षित पोरी. येथे कोणी दुष्ट नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. मुलांना अन्न, वस्त्र, छप्पर, स्वच्छता सर्व काही होते.

या अनाथालयातील मुले दत्तक देण्यायोग्य आहेत की नाहीत हे तपासण्याचे काम हॅरल्ड स्कील्स या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे होते. राज्याचा मानसशास्त्रज्ञ म्हणून तो नेमलेला, आणि आयोवाच्या केंद्राशी संबंधित. १९३४ साली त्याच्यापुढे दोन मुली आल्या, एक तेरा महिन्यांची आणि एक सोळा महिन्यांची. कृश, रडवेल्या, नाक वाहणाऱ्या, आधाराशिवाय बसण्यासही असमर्थ. त्यांचे गुणांक आले ४६ आणि ३५. अशा मुलींना दत्तक कोण घेणार? अनाथालयात जागा नव्हती. म्हणून त्यांची रवानगी त्या काळच्या भाषेत 'मतिमंदांच्या' म्हणजे वुडवर्ड येथील संस्थेत, प्रौढ स्त्रियांच्या विभागात झाली. जणू दोन कागद एका फाईलीतून काढून दुसरीत ठेवले.

सुमारे सहा महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेच्या विभागांतून फिरत असता त्याला दोन हसऱ्या, टवटवीत मुली इकडेतिकडे धावताना दिसल्या. त्याने त्यांना ओळखलेच नाही. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा गुणांक आले ७७ आणि ८७. त्याचा विश्वास बसेना. त्याने मुलींना तेथेच ठेवून वर्षभराने पुन्हा तपासले, आणि सुधारणा टिकलेली आढळली. औषध बदलले नव्हते, आहार बदलला नव्हता. बदल एवढाच होता की त्या विभागातील अठरा ते पन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांना, ज्यांचे मानसिक वय पाच ते नऊ वर्षे मोजले होते, ही दोन लेकरे मिळाली होती. एकेका स्त्रीने एकेका मुलीला आपलेसे केले आणि बाकीच्या मावश्या झाल्या. दिवसभर कोणीतरी मांडीवर घेई, कोणी चालावयास शिकवी, कोणी कपडे शिवी. परिचारिका बाजारात जाताना त्यांना बरोबर नेत आणि खेळणी आणीत. जगाने ज्यांना आई होण्यास नालायक ठरविले होते, त्या स्त्रियांनी राज्याच्या प्रशिक्षित व्यवस्थेला जे साधले नाही ते साधले.

स्कील्सने अधिकाऱ्यांचे मन वळवून आणखी अकरा मुले अशीच पाठविली. कागदोपत्री त्यांना 'पाहुणे' म्हणून दाखविले, म्हणजे पुढे त्यांच्या नावावर त्या संस्थेचा डाग राहू नये. एकूण तेरा मुले. जाताना सरासरी गुणांक ६४, परत येताना सुमारे ९२. मग त्याने दप्तर चाळून, अनाथालयातच राहिलेल्या बारा मुलांची एक तुलनेची टोळी निवडली. त्यांचा आरंभीचा सरासरी गुणांक ८७ च्या आसपास होता, म्हणजे पहिल्या तेरांहून बराच चांगला. दोनेक वर्षांत तो उतरून ६० वर आला होता. चांगली मुले चांगल्या देखरेखीखाली मंद होत होती.

१९३९ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यावर टीकेचा भडिमार झाला. टर्मन आणि त्यांच्या मताच्या पंडितांनी आयोवाच्या गणितातील चुका काढल्या, आणि त्यांच्या सर्वच हरकती खोट्या नव्हत्या हेही सांगितले पाहिजे. संख्या लहान होती. मुले चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. कोणते मूल कोठे गेले हे परिस्थितीने ठरविले होते. दीड वर्षाच्या मुलाची चाचणी पुढच्या बुद्धीचा भरवसा देत नाही. जे मूल फार खाली मोजले गेले ते पुढच्या खेपेस काहीसे वर येण्याचा संभव असतोच. हे सारे आक्षेप आजच्या विद्यार्थ्याला वर्गात शिकवितात, आणि शिकविलेच पाहिजेत. कारण आपल्याला प्रिय असलेल्या निष्कर्षाला दुप्पट कठोरपणे तपासणे ही या विषयातील सर्वांत अवघड शिस्त आहे. परंतु टीकेचा सूर शास्त्रीय शंकेच्या पलीकडे जाऊन उपहासाचा झाला. दुसरे महायुद्ध आले, स्कील्स सैन्यात गेला, नंतर सार्वजनिक आरोग्याच्या नोकरीत शिरला, आणि तेरा मुलांची गोष्ट दप्तरात पडली.

येथपर्यंतची कथा विद्यापीठाला भूषणावह आहे. पण त्याच १९३९ साली, त्याच विद्यापीठातून, त्याच डॅव्हनपोर्टच्या अनाथालयात दुसरा एक प्रयोग झाला, आणि तो सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. वाचादोषांचे अभ्यासक वेंडेल जॉन्सन यांचे मत असे होते की, मुलाच्या बोलण्यातील साध्या अडखळण्याला मोठी माणसे 'तोतरेपणा' म्हणून हटकतात आणि त्यामुळेच तो जडतो. हे पडताळण्यासाठी त्यांच्या एका विद्यार्थिनीने बावीस अनाथ मुले घेतली. काहींना तुमचे बोलणे छान आहे असे सांगितले. काहींना, ज्यांत नीट बोलणारी मुलेही होती, तुमचे बोलणे सदोष आहे, अडखळणार असाल तर बोलूच नका, असे महिनोन्‌महिने बजावले. मुले तोतरी झाली असे सिद्ध झाले नाही. पण ती गप्प झाली, लाजू लागली, अभ्यासात मागे पडली. त्यांच्या वतीने 'नको' म्हणणारे जगात कोणीच नव्हते, म्हणूनच तर ती निवडली गेली होती. प्रबंध ग्रंथालयात राहिला, छापला गेला नाही. २००१ साली एका वृत्तपत्राने तो उजेडात आणला तेव्हा विद्यापीठाने जाहीर माफी मागितली, आणि २००७ साली आयोवा राज्याने सहा जणांच्या दाव्यात, ज्यांपैकी काही तोपर्यंत मरण पावले होते, ९,२५,००० डॉलर दिले.

एका अनाथालयात, एकाच दशकात, एका विद्यापीठाच्या माणसांनी मुलांचे भलेही केले आणि बुरेही केले; आणि दोन्ही वेळा हातात वही-पेन्सिलच होती. जॉन्सन हे क्रूर गृहस्थ नव्हते. ते स्वतः तोतरे होते आणि तोतऱ्या मुलांचे दुःख कमी करावे हीच त्यांची तळमळ होती. यामुळे ही गोष्ट अधिकच विचार करण्याजोगी होते.

स्कील्सने मात्र आपली मुले सोडली नव्हती. वीसएक वर्षांनी तो त्यांच्या शोधास निघाला. पत्ते बदललेले, नावे बदललेली, काही दत्तक गेलेली. तरी पंचविसांपैकी प्रत्येकाचा ठाव त्याने लावला, आणि १९६६ साली अहवाल दिला. तेरांपैकी अकरा दत्तक गेली होती. तेराही आपल्या पायांवर उभी होती; त्यांचे शिक्षण मध्यमानाने बारावीपर्यंत झाले होते. बारा जणांच्या टोळीचे शिक्षण तिसरीपर्यंतही पोहोचले नव्हते. एक किशोरवयात संस्थेतच वारला, चौघे अजून संस्थांतच होते. या बारांत एकच अपवाद निघाला. त्याला ऐकू कमी येत असे, म्हणून त्याला बहिऱ्यांच्या शाळेत धाडले होते, आणि तेथे त्याच्याकडे कोणीतरी लक्ष दिले. तो छापखान्यात जुळारी झाला होता. १९६८ साली स्कील्स आणि त्याची सहकारिणी मेरी स्कोडॅक यांना केनेडी प्रतिष्ठानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा समारंभात उभे राहिलेल्यांत त्या तेरांपैकी एक, आता महाविद्यालयीन पदवी घेतलेला प्रौढ गृहस्थ, होता.

टर्मन यांच्या जुन्या आक्षेपाला, म्हणजे मुले चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती या आक्षेपाला, उत्तर मिळावयास एकविसावे शतक उजाडावे लागले. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीनंतर अनाथालये मुलांनी भरलेली होती. बुखारेस्ट येथे २००० सालापासून १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पोषक कुटुंबांत धाडण्यात आले आणि निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी सरस वाढली, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांची अधिक. या प्रयोगाच्या नीतीविषयीही पुष्कळ वाद झाला. मात्र अनाथालयात राहिलेल्या कोणालाही घर मिळण्याची संधी आली तर ती अडवावयाची नाही, अशी अट संशोधकांनी आरंभीच घालून घेतली होती. १९३९ आणि २००० यांच्यामध्ये विद्यापीठे काय शिकली, ते या एका अटीत दिसते.

मराठी मुलखाशी या विषयाचा संबंध जुना आहे. धारवाड येथे वि. वि. कामत यांनी बिने यांच्या श्रेणीचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली निघाला आणि 'बिने-कामत' हे नाव दवाखान्यांतून आजही ऐकू येते. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर शिशुशिक्षणाचे काम करून आल्या आणि १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे सबंध देशाने घेतला. बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी हिंदी बालकांच्या वाढीची मापे बसविली. परदेशी कोष्टकातील बाळ कोणत्या महिन्यात बसते यावरून आपल्या बाळाला मागासलेले ठरविणे चुकीचे आहे, हे त्यांना दिसत होते. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या श्रेणीत शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. १९९७ साली तिची सुधारलेली आवृत्ती पुण्यात निघाली.

आज एखादी विद्यार्थिनी ही श्रेणी हाताळावयास शिकते तेव्हा तिला प्रथम पेटीतील ठोकळे वा खुळखुळा हाती मिळत नाही. आधी संशोधनाच्या नीतिसमितीपुढे अर्ज, मग आईबापांना त्यांच्या भाषेत समजावून घेतलेली संमती, आणि ती केव्हाही काढून घेण्याची मुभा. मूल आईच्या मांडीवरच बसते. ते भुकेले असले, झोपेला आलेले असले वा नुकतेच तापातून उठलेले असले, तर त्या दिवशी चाचणी होत नाही. ठोकळ्यावर ठोकळा ठेव म्हटले आणि मुलाने तो तोंडात घातला, तर विद्यार्थिनीने "येत नाही" असे लिहावयाचे नसते. "तोंडात घातला" असे लिहावयाचे असते. पुष्कळदा शेजारी बसलेली आजी मध्येच म्हणते, "अहो, घरी तर चार चार रचतो!" आणि तेही, आजीने सांगितले म्हणून, वेगळ्या रकान्यात नोंदविले जाते.